नकाशातल्या रेषेखालचं घर

अंबिकाबाई टाकळकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नकाशाच्या ऑफिसात. इंदूर शहर पुढे कसं वाढायचं, कुठे घरं, कुठे कारखाने, कुठे शाळा-कॉलेजं, याचा कच्चा आराखडा तेव्हा तयार झाला होता आणि लोकांनी पाहावा म्हणून एका मोठ्या खोलीत भिंतभर लावला होता. मी देवासहून नुकताच बदलून आलो होतो. आमच्या शाळेच्या मैदानाला कोणता रंग दिलाय ते पाहून या, असं हेडमास्तरांनी सांगितलं, म्हणून गेलो.

माझ्यापुढे चाळिशीच्या, बुटक्याशा एक बाई नकाशाला जवळजवळ नाक टेकवून उभ्या होत्या. एक बोट त्यांनी एका जागी घट्ट दाबून धरलं होतं, जणू सोडलं तर ती जागा हरवेल.

"बहेनजी, हाथ मत लगाइए," टेबलामागचा कारकून ओरडला.

"हात नाही लावत हो भिया, घर धरून ठेवलंय," बाई म्हणाल्या आणि बोट उचललं. तिथे हळदीचा डाग पडला होता.

राहत्या घरांना नकाशात पिवळा रंग होता, शिक्षणसंस्थांना निळा, मोकळ्या जागेला हिरवा. रांगेतला एक जण म्हणाला, "लो, बहेनजी का मकान तो पीला हो गया. पास!" सगळे हसले. बाईही हसल्या, पण लगेच कारकुनाला त्यांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे झालं का?"

कारकून भला होता. भिंग घेऊन आला. विद्यापीठाचं वाढीव आवार निळं होतं, शेजारची वस्ती पिवळी, आणि दोन्हींच्या मध्ये एक जाड काळी रेषा. बाईंचं घर त्या रेषेखाली झाकलं गेलं होतं.

"आप लाइन के नीचे हो."

"खाली म्हणजे आत की बाहेर?"

"वो तो फायनल में पता चलेगा."

"मला स्वयंपाकघराची भिंत बांधायची आहे हो. पडायला आलीय."

कारकुनानं समजावून सांगितलं. घर आत असेल तर जागा विद्यापीठाकडे जाणार, मग बांधकामाचा प्रश्नच नाही. बाहेर असेल तर महापालिकेची मंजुरी. रेषेवर असेल तर थांबायचं. बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या बाहीवरचा खडू त्यांनी पाहिला असावा.

"मास्तर ना तुम्ही? मग सांगा, हा काय म्हणाला?"

रेषेला लांबी असते, जाडी नसते, असं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलो होतो. मी कारकुनाचं भिंग घेऊन ती रेषा पुन्हा पाहिली. बाईंनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, "जेवायला कुठे असता?"

असा मी त्यांच्या खानावळीत जाऊ लागलो.

त्यांचे यजमान श्रीकृष्ण टाकळकर मिलमध्ये कारकून होते. ते गेल्यावर बाईंनी घरातच खानावळ काढली. पुढच्या खोलीत पंगत, मागे स्वयंपाकघर. जेवणारी बहुतेक विद्यापीठाची मुलं. ती मागच्या मैदानातून येत आणि स्वयंपाकघराच्या दारानं आत शिरत. बाईंना मुलांची नावं लक्षात राहत नसत, पण ताटं राहत. "तो, वाटीतला भात आधी संपवणारा, चार दिवस झाले आला नाही, बघा रे," असं त्या म्हणत आणि तो मुलगा खरोखरच तापानं पडलेला निघे.

मागची भिंत कच्च्या विटांची होती. पोट पुढे काढून उभी होती आणि दोन लाकडी बल्ल्यांचा टेकू लावून तिला धरून ठेवलं होतं. ती गेली तर चूल जाणार, चूल गेली तर खानावळ, आणि मग बाईंना गौतमपुऱ्याला दिराच्या घरी जाऊन राहावं लागणार. तिथे जाच नव्हता. "पण तिथे मी वाढत नाही मास्तर, वाढलेलं खाते," त्या म्हणायच्या. एवढ्या एका गोष्टीची त्यांना भीती होती.

विद्यापीठाचे ओव्हरसिअर उदयसिंह दुसऱ्या पंगतीला असत. त्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि ताठ बसून जेवायची सवय नातवापर्यंत आली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकू, मंजुरीशिवाय एक वीट जरी लावली ना, तर ते अतिक्रमण. मग भिंतच काय, पूरा मकान जाईल." मुलांनी एका रविवारी येऊन भिंत बांधून देतो म्हटलं, तर बाईंनी त्यांना हात जोडले.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाची एक समिती आली. आवार वाढवल्यानं नाल्यावर, झाडांवर, हवेवर आणि आसपासच्या लोकांवर काय परिणाम होईल ते तिला पाहायचं होतं. समितीत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक दिनानाथ होते, एक डॉक्टर होते आणि एक इंजिनीअर. पर्यावरण हा शब्द तेव्हा नवा होता. बाईंनी मला विचारलं, मी म्हणालो, "आजूबाजूला जे जे आहे ते."

"म्हणजे मला विचारायला आलेत होय!" बाई खूश झाल्या.

समितीनं नाला पाहिला, झाडं मोजली आणि जेवणाच्या वेळेला पंगतीत येऊन बसली. बाईंच्या मोरीचं पाणी मागे अळूच्या वाफ्यात जाई. त्या अळूचं फदफदं त्या दिवशी केलं होतं. दिनानाथांनी ते परत परत मागून घेतलं. मग "तुम्हाला विद्यापीठाचा काही त्रास होईल का?" असं विचारून तिघे गेले.

अहवालात काय आलं ते उदयसिंहांनी पुढे जेवताना सांगितलं. मान खाली घालूनच सांगितलं. पश्चिमेच्या हद्दीवर एक खासगी स्वयंपाकघर असून त्याचा धूर आणि सांडपाणी यांचा नियोजित ग्रंथालयाला उपद्रव संभवतो.

बाईंच्या हातातली पळी थांबली. "पण मला काय त्रास होईल, हे विचारत होते ना ते?"

"हो काकू."

"मग माझाच त्रास कसा लिहिला?"

"परीक्षण दोन्ही बाजूंनी करावं लागतं."

"आणि फदफदं तिसऱ्यांदा घेतलं ते कोणत्या बाजूनं?"

मुलं खदखदून हसली. बाई हसल्या नाहीत. त्या रात्री त्यांनी अळूच्या वाफ्यात फक्त एक बादली पाणी सोडलं, बाकीचं अंगणात शिंपडलं. उपद्रव कमी करायचा म्हणून.

मग हरकतींची सुनावणी झाली. मी सोबत गेलो. टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हरकत की समर्थन?"

"कशाला?"

"विद्यापीठाच्या विस्ताराला."

"त्याला माझी कसली हरकत? मुलं माझ्याकडेच जेवतात. होऊ दे की आणखी मोठं."

साहेबांनी 'समर्थन' असं लिहून घेतलं.

"आणि माझी भिंत?"

"समर्थनात भिंतीचा विषय येत नाही, बाई."

घरी परतताना बाईंनी मला दोनदा विचारलं की आपण हरलो की जिंकलो.  मी म्हणालो, अजून निकाल लागायचाय.

भिंत मात्र निकालाला थांबली नाही. माघातल्या एका दुपारी दुसरी पंगत बसलेली असताना ती बाहेरच्या बाजूला, मैदानात, सावकाश आडवी झाली. कुणाला लागलं नाही. धुळीत कुणी कुणाला दिसेना, आणि त्यात बाईंचा आवाज आला, "आधी वरण झाका रे!"

त्यानंतर त्यांनी गोणपाटं शिवून पडदा केला. वारा आला की राख ताटात येई. कुत्री आत डोकावत. मुलांची पंगत विरळ होऊ लागली. गौतमपुऱ्याहून दीर येऊन गेले. "वहिनी, हट्ट कशाचा धरलाय?" असं विचारून, चहा न पिता गेले. बाईंनी ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली. भरली नाही, नुसती पुसून ठेवली.

आणि एका सकाळी बाई धापा टाकत आमच्या शाळेच्या फाटकाशी आल्या.

"मास्तर, मंजुरी आली! सरकारच बांधून देतंय!"

"कागद कुठाय?"

"कागद काय करायचाय? माणसं आलीत."

शाळा सुटल्यावर गेलो, तर खरंच पडलेल्या भिंतीच्या जुन्या पायावर दोरी ताणलेली होती आणि हरी मिस्त्री दगड बसवत होता. काळा, घडीव, सुरेख दगड. उदयसिंह दोरी लावून देऊन भाच्याच्या लग्नाला गेले होते. बाईंनी मिस्त्री आणि मजुरांना शिरा करून वाढला होता. मग त्यांनी घरच्या मालकिणीसारखं बोट दाखवून सांगितलं की चुलीसमोर खिडकी हवी, धूर जायला, आणि उजव्या हाताला दिव्यासाठी कोनाडा. पडलेल्या भिंतीतली दाराची चौकट मोडली होती, ते पुढे बघू म्हणाल्या; खिडकीची शाबूत होती, ती त्यांनी काढून दिली. हरीच्या भावाचं पोलोग्राउंडला वेल्डिंगचं दुकान होतं, तिथून तो गज घेऊन आला. "बाईसाब जैसा बोलें," तो म्हणाला. शिऱ्यानंतर त्याला कुणाला काही विचारायची गरज वाटली नसावी.

भिंत झाली. घराचा कोपरा आला. हरी थांबला नाही. दोरी पुढे ताणली गेली. भिंत पेरूच्या झाडाजवळून गेली, पलीकडच्या मोकळ्या जागेतून चालली.

बाई मागे धावल्या. "अहो मिस्त्री, पुरे! माझी इथे संपली!"

"बाईसाब, अपने को तो सड़क तक का हुकम है."

संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. "मास्तर, माझी भिंत एवढी लांब का गेली?"

मला उलगडा झाला होता. सांगितला. ही विद्यापीठाच्या आवाराची भिंत होती. रेषा जमिनीवर आली होती.

"म्हणजे माझी नाही."

"नाही."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "म्हणजे मी आत की बाहेर?"

"बाहेर. घर राहिलं तुमचं."

"आणि मुलं?"

मुलं आत होती. मागचं दार गेलं होतं आणि बाईंकडे यायचं तर मुलांना मोठ्या रस्त्यानं लांबचा वळसा पडणार होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पंगतीला मी आणि एक विम्याचे एजंट, एवढेच होतो. बाई भात झाकून बसल्या. ट्रंक कोपऱ्यात होतीच.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक नाक आत आलं. वाटीतला भात आधी संपवणारा.

"काकू, ताट इकडूनच द्या ना यार. घूम के कौन आएगा?"

बाईंनी ताट उचललं. गजांतून ते जाईना. मग त्यांनी पोळीची गुंडाळी करून दिली, भाजी वाटीत दिली. त्याच्यामागे दुसरा उभा होता. त्याच्यामागे आणखी. संध्याकाळी हरी मिस्त्रीनं येऊन दोन गज कापून दिले आणि जाताना पुन्हा शिरा नेला.

उदयसिंह लग्नाहून परतले ते थेट मोठ्या इंजिनीअर साहेबांसोबत भिंत पाहायला आले. मी जेवत होतो. खिडकीपाशी पावलं थांबली.

"ये खिड़की किसने पास की?" साहेबांचा आवाज.

उदयसिंहांनी नकाशा पुढे केला. कागद उलगडल्याचा आवाज आला. "नक्शे में तो खिड़की है ही नहीं."

बाई खिडकीपाशी गेल्या. पदर सावरला. "साहेब, नकाशात मी पण नाही. आमटी गरम आहे, वाढू?"

साहेबांनी आमटी घेतली नाही. टिपण मात्र लिहायला सांगितलं. ते टिपण कुणाकडे गेलं, त्यावर काय ठरलं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. खिडकी राहिली.

दोरी नेमकी जुन्या पायावर का धरली, असं मी उदयसिंहांना पुढे विचारलं. एकदा म्हणाले, पाया तयार होता, खणायचं काम वाचलं. पुढे एकदा, निवृत्तीच्या दिवशी, म्हणाले, "मास्तर, एवढी जाड रेषा, कुठेतरी धरायचीच होती ना." मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो, पण त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली होती.

अंतिम नकाशा लागला तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो. रेषा तेवढीच जाड होती. ज्याला धुराचा उपद्रव व्हायचा होता ते ग्रंथालय काही तिथे झालं नाही. तिथे होस्टेल झालं, आणि बाईंची खानावळ पुढे खूप वर्षं त्या खिडकीतून चालली.

आता अंबिकाबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. गुडघे गेल्यापासून चूल बंद आहे. गौतमपुऱ्याला त्या गेल्या नाहीत, त्याच घरात राहतात. दुपारी होस्टेलच्या मेसमधून त्यांचा डबा येतो, आणि आणणारा मुलगा तो खिडकीतून आत ठेवतो.