जाळरेषा घातली त्या सकाळी

खापरखेडा मागे टाकून एसटी पुढे निघाली, की तासाभरानं आमचं गाव यायचं. गावाच्या टोकाला आमचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर, मागे वडिलांनी जपलेली चार एकर सागाची झाडी, आणि तिच्या पलीकडे सरकारी जंगल. सत्तरच्या आसपासची गोष्ट आहे.

माघ सरत आला की वणव्याची तयारी सुरू व्हायची. कवेलूंवरचा पाला झाडायचा, गुरांच्या कुटाराचा, वाळल्या भुशाचा ढीग घरापासून लांब न्यायचा, ड्रम पाण्यानं भरून ठेवायचे. शेवटी जाळरेषा. झाडीच्या कडेनं दहा-बारा हातांच्या पट्ट्यातलं गवत आपणच जाळून टाकायचं, म्हणजे जंगलातली आग तिथं अडते. हे काम वडील दुसऱ्या कुणावर सोडत नसत. त्या वर्षी मात्र त्यांना तापानं धरलं आणि फाल्गुन निम्मा गेला.

खाटेवरून ते मला म्हणाले, "वहिनीले संग घे. उन्ह चढायच्या आत उरकजो. अन् पेटवायच्या आधी आत्याले सांगून ये."

आत्या रक्ताची नव्हती. नाल्यापलीकडे गवती छपराच्या घरात दोन शेळ्या घेऊन ती विधवा बाई एकटी राहायची. मी एकोणीस वर्षांची, शहरात महाल भागात काकांकडे राहून मॅट्रिक झालेली, गावी परत आणल्याचा राग मनात धरून बसलेली. नाला ओलांडायचा मी कंटाळा केला.

"आत्याले सांगितलं काय वं?" वहिनीनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

नऊपर्यंत सगळं नीट चाललं होतं. पळसाच्या ओल्या डहाळ्यांनी कडा झोडपत आम्ही सरकत होतो. मग वारा फिरला. जळती पानं उडून नाल्यापलीकडच्या गवतात पडली. आम्ही पोचेपर्यंत छप्पर पेटलं होतं. आत्या मोहफुलं वेचायला गेलेली. एक शेळी दोर तोडून पळाली. दुसरी बांधलेलीच राहिली.

दुपारी वडील काठी टेकत आले. आत्या राखेतून पाण्याची पितळेची गुंडी उकरत होती.

"तिले सांगितलं होतं ना?" त्यांनी मला विचारलं.

 आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि परत राखेत हात घातला.

"सांगून गेली होती, भाऊ. मीच घर सोडून मोहफुलाले गेली."

महिनाभर ती आमच्या पडवीत राहिली. वडिलांनी बांबू दिले, गावानं भिंती उभ्या केल्या. पण ती त्या घरात गेली नाही. शेळी घेऊन लेकीकडे निघाली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. मी विचारलं, "आत्या, काहून खोटं बोलली?"

"तुह्या बापाच्या अंगात ताप होता," ती म्हणाली. "अजून काय सांगू त्याले."

ती परत आली नाही. त्या आगीत आमचे सागही काळवंडले होते, पावसाळ्यात पुन्हा फुटले. दरवर्षी जाळरेषा घालताना वडील कुणाला तरी सांगायचे, "सांगूनही घर सोडून गेली बाई. असं करू नये." मी जवळच पाला ओढत असायचे. वडील जाईपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही.