माल इथे नाही

पूर्णा गावातल्या गोदामात माझं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. कुठला खोका कुठल्या रॅकवर आहे हे आता फक्त माझ्या प्रोग्रॅमला कळणार, अशा तोऱ्यात.

तिथे माल काढायला बऱ्याच बायका होत्या, त्यांत एक मावशी. वज्रेश्वरीकडून बसने यायच्या. पदर कमरेला खोचलेला, कानामागे खडू. नाव विचारायचं मला सुचलंही नाही. माझा स्कॅनर त्यांना मिक्सरच्या खोक्यासाठी एका रॅकपाशी घेऊन गेला. रॅक रिकामा! स्कॅनर मात्र "खोका स्कॅन करा" म्हणून कोकलत राहिला.

मावशींनी तो शांतपणे माझ्या हातात दिला, जमिनीवरच्या आपल्याच खडूच्या खुणा बघत गेटपाशी गेल्या आणि खोका उचलून आणला. घाईचा माल त्या आदल्या दिवशीच गेटजवळ आणून ठेवायच्या.

"दादा, माल कुठं असायला पायजे ते तुमचं मशीन सांगतं. कुठं हाय ते मी सांगते."

सगळे हसले. मी भयंकर चिडलो. घरी येऊन कोड उघडला, तर 'माल इथे नाही' म्हणायची त्यात सोयच नव्हती. आपलं चुकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आठवड्याने ते बटण घालून परत गेलो. मावशींनी रिकाम्या रॅकसमोर ते अंगठ्याने दाबलं. स्क्रीनवर आलं, "मग कुठे आहे?"

"अगं बायांनो," त्या गोदामभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "मशीनला अक्कल आली! आता आपल्याला इचारतंय!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्याच होत्या.