हौदाचं पहिलं पाणी

लोककल्याणासाठी सर्वस्व देणारा एकच माणूस मी पाहिला. तो मेंढरं राखायचा. बोलतानाही त्याची लोकर कातायची चाती थांबत नसे. गावच्या जनावरांसाठी सरकारने हौद बांधावा, हा त्याचा ध्यास. निजामाचा कुणी अंमलदार पाहणीला आला, की हा एक मेंढरू कापायचा.

मी म्हणालो, "अरे, अशानं कळप संपेल तुझा."

"मास्तर, पावना उपाशी धाडून पानी मिळतंय व्हय? गावची जनावरं तानेनं मरायलीत."

अखेर हौद झाला. उद्घाटनाच्या दावतीला शेवटचं मेंढरू शिजलं. त्याची चाती थांबली होती; कातायला लोकरच नव्हती. जेवून उठलेल्या साहेबांनी हौदात हात धुतले.