नेस्टा बस आणि ब्लाएनकुमचं कॅरल

लानवेदवेनमध्ये आडनावानं कुणाला ओळखता येत नाही. अर्ध्या गावाची आडनावं सारखीच, मग माणूस ओळखायचा शेतावरनं, धंद्यावरनं, नाहीतर त्याच्या एखाद्या खोडीवरनं. नेस्टा बेबला सगळे 'नेस्टा बस' म्हणत. जिल्हा कचेरीनं गावाची बस बंद करायचं ठरवलं, तेव्हा ही बाई अकरा दिवस थांब्यावर खुर्ची टाकून बसली होती. पाहणीला मोटारीनं आलेल्या साहेबाला तिनं त्याच बसमध्ये बसवून परत पाठवलं. शाळा तिनं दोनदा वाचवली. दुकानाला कुलूप लागलं, ते गावकऱ्यांच्या हातून चालवून दाखवलं. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली, पण नियमांची पुस्तकं वाचून वाचून पाठ. वय एकसष्ट. बांधा ठेंगणा, पण भांडायला उभी राहिली की समोरच्याला मान वर करून बघावं लागे.

तिची जीभ अख्ख्या गावाच्या कामी आली. घरच्यांच्या मात्र ती नुसती वाट्याला आली.

घर म्हणजे ब्लाएनकुम. दरीच्या पार टोकाला मेंढरांचं शेत. तिथं तिचा धाकटा भाऊ मेयलिर, त्याची मुलगी हेलेध आणि म्हातारा बाप इवोर असे तिघं राहत. आई जाऊन सात वर्षं झाली होती. गेल्या दोन वर्षांत इवोरच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग कुत्र्याचं, मग चूल बंद करायची असते हे. सप्टेंबरात मेयलिरनं बापाला बाजाराच्या गावी वृद्धाश्रमात ठेवलं, आणि नेस्टाला ही बातमी लागली दुकानाच्या रांगेत. बातमी देणारं तिसरंच कुणीतरी, आणि तिच्या दुर्दैवानं मेयलिर पाव घ्यायला त्याच वेळी आत आला.

"मला विचारलं नाहीस?" नेस्टानं तिथंच धरलं त्याला.

"दोनदा फोन केला. तू मीटिंगला होतीस."

"मग थांबायचं! बाप आहे तो माझा. म्हातारी मेंढी नव्हे, गाडीत घातली आणि नेऊन सोडली."

मेयलिर तसा अबोल माणूस. कुत्र्याशीसुद्धा शिट्टीनं बोलतो. पण त्या दिवशी तो बोलला. "बस वाचवलीस, शाळा वाचवलीस. बाबांना आंघोळ घालायला एकदा तरी आलीस? त्यांची ओली चादर एकदा तरी बदललीस?"

रांगेत पाच माणसं. सगळी बिस्किटांच्या पुड्यावरची अक्षरं वाचायला लागली.

उत्तर नसलं की नेस्टा गप्प बसत नसे, दगड शोधत असे. "तुला शेत हवं होतं," ती म्हणाली, "बाप नको होता."

मेयलिरनं पाव ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

आता जानेवारीतल्या प्लगाइनचं सांगायला हवं. चर्चमध्ये संध्याकाळी पाद्री छोटी प्रार्थना करतो, 'प्लगाइन सुरू झालं' एवढं म्हणतो आणि खाली बसतो. पुढे सगळं गावाचं. ना कुणी नाव पुकारत, ना कुणी टाळी वाजवत. घरोघरचे तिघं-चौघं आपणहून उठतात, पुढे जातात, वाद्यावाचून आपलं कॅरल, म्हणजे घरात चालत आलेलं नाताळचं गाणं, म्हणतात आणि मुकाट जागेवर येतात. नियम एकच: एका संध्याकाळी एक कॅरल दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. आणि कुठंही न लिहिलेला दुसरा नियम असा, की एका घराचं कॅरल दुसऱ्या घरानं तोंडात घ्यायचं नाही. शेजाऱ्याच्या मेंढीच्या कानावरची खूण कुणी आपली म्हणतो का? तसंच ते.

ब्लाएनकुमचं कॅरल आठ कडव्यांचं. नेस्टाच्या आईनं ते माहेराहून आणलं होतं. चाळीस वर्षं ते तिघं म्हणत आले: खालचा आवाज इवोरचा, मधला मेयलिरचा, वरचा नेस्टाचा. नोव्हेंबरात निवृत्त पोस्टमन ग्विनडावनं बातमी आणली. पत्रं वाटायची बंद झाली तरी त्याची सवय सुटली नव्हती.

"तुझ्या जागी हेलेध गाणारे म्हणे यंदा."

"कोण म्हणालं?"

"मेयलिरच म्हणाला. जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणाला."

नेस्टानं चहाचा कप असा ठेवला की बशीला तडा गेला. आईनं ते कॅरल कणीक मळता मळता तिला शिकवलं होतं, मेयलिर तेव्हा पाळण्यात होता. आणि आता तिची जागा रिकामी? त्याच आठवड्यात तिनं ग्विनडावला आणि शेजारच्या ऑल्वेनला स्वयंपाकघरात बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली.

ऑल्वेन भिंतीला भिंत लागून तीस वर्षं राहिलेली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, पण हे ब्लाएनकुमचं ना?"

"मग मी कुठली? चंद्रावरची?"

"तसं नव्हे. पण त्यांना काय उरेल गायला?"

"त्यांनी शोधावं. माझ्या जागी माणूस शोधलं ना, तसं."

सहा आठवडे तालीम चालली. माझ्या आईचं ते माझं, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण आणखी एक विचार होता तो तिनं कुणाला सांगितला नाही. आपण आधी उठायचं, आणि मेयलिरला भरल्या चर्चमध्ये उघड्या तोंडानं बसवायचं. हा विचार तिनं गालात धरलेल्या गोळीसारखा सहा आठवडे चघळला.

प्लगाइनच्या संध्याकाळी ती मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसली. चर्च भरलं होतं, ओल्या कोटांचा वास येत होता. प्रार्थना सुरू व्हायच्या जरा आधी दार वाजलं आणि मेयलिर आत आला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला हेलेध, आणि मध्ये दोघांच्या हातांवर इवोर. काळा सूट, गुळगुळीत दाढी, कोटाच्या वरच्या खिशात नादकाटा. चाळीस वर्षं सूर इवोरनंच लावून दिला होता.

ते पलीकडच्या रांगेत बसले. ऑल्वेननं नेस्टाची बाही ओढली.

"तुझे बाबा आलेत. गायला आलेत ते नेस्टा, खिसा बघ त्यांचा."

"दिसतंय मला."

"मग दुसरं काही म्हणू."

"दुसरं येतं कुठं आपल्याला?"

"मग बसून राहू! काय बिघडतंय?"

नेस्टानं बापाकडे पाहिलं. इवोरचे ओठ हलत होते. तो कडवी मनात घोळवत होता, बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. नावं गेली, कुत्रा गेला, चूल गेली, पण ही आठ कडवी उरली होती, आणि ती म्हणायला त्याला कुणीतरी न्हाऊमाखू घालून, टाय बांधून इथवर आणलं होतं. हे सगळं नेस्टाला दिसलं. अगदी लख्ख दिसलं.

पाद्री 'प्लगाइन सुरू झालं' म्हणून बसला, आणि नेस्टा उठली.

ऑल्वेन आणि ग्विनडाव मागोमाग उठले. न उठून करतात काय? पहिली ओळ गेली तशी बाकांवरची डोकी वळली, आधी तिच्याकडे, मग पलीकडच्या रांगेकडे. दुसरं कडवं झालं. तिसऱ्याच्या आधी श्वास घ्यायला थांबले, तर इवोर उभा. आपली पाळी आली असं त्याला वाटलं होतं. खिशातला नादकाटा काढून तो बाकाबाहेर पाऊल टाकत होता. मेयलिरनं त्याचा दंड धरला, हळूच खाली बसवायला लागला.

"आपलं आहे ते," इवोर म्हणाला. ऐकू कमी येणाऱ्याचा आवाज, अख्ख्या चर्चला ऐकू गेला. "मेयलिर, आपण इथं का बसलोय?"

तेव्हा तरी थांबायचं. थांबली असती तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण नेस्टाचे पाय पुढं जायला शिकलेले, मागं घ्यायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. उरलेली सहा कडवी ती गायली. ग्विनडावचा आवाज पाचव्यात फुटला, ऑल्वेन नुसते ओठ हलवत होती. शेवटची दोन तिनं जवळजवळ एकटीनंच ओढली.

टाळ्या तिथं कधीच नसतात. पण शांततेतही फरक असतो, आणि तो नेस्टाला जागेवर येईपर्यंतच्या दहा पावलांत कळला.

एकेक घर उठलं, गायलं, बसलं. प्रत्येक खेपेला मध्ये जरा जास्तच थांबायचे सगळे, ब्लाएनकुमच्या बाकाकडे बघायचे. इवोर दर वेळी विचारायचा, "आता?" आणि मेयलिर म्हणायचा, "अजून नाही, बाबा." चौथ्या 'अजून नाही'नंतर तो बापाला घेऊन बाहेर गेला.

नंतर शाळेच्या वर्गात नेहमीसारखं जेवण होतं. हॅमचे सँडविच, लोणी लावलेले 'बारा ब्रिथ'चे, म्हणजे मनुकांच्या पावाचे काप, मोठ्या किटलीतला चहा. नेस्टाला कुणी वाकडं बोललं नाही. साखर पुढं केली, हवेबद्दल बोलले. भांडली असती तर बरं, भांडण तिला येत होतं. शेवटी तिनंच सुरू केलं.

"मला माहीतच नव्हतं बाबा येणारेत." हे ती पाद्र्याच्या बायकोला म्हणाली. मग ग्विनडावच्या सुनेला. मग कुणी न विचारता तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं.

ऑल्वेन शेजारीच केक कापत होती. तिनं नेस्टाकडे एकदा पाहिलं, सुरी खाली ठेवली, कोट घेतला आणि घरी गेली. तीस वर्षांत दोघी पहिल्यांदा वेगवेगळ्या चालत गेल्या.

तीन दिवस नेस्टा घराबाहेर पडली नाही. बुधवारी बसनं वृद्धाश्रमात गेली. ड्रायव्हरनं "कशी आहेस, नेस्टा?" विचारलं, तर तिला वाटलं टोमणाच मारला. आपल्याच बसमध्ये ती मागच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसली.

इवोर खुर्चीत होता. तिला बघून शिष्टाचारानं जरा उठल्यासारखं केलं.

"बसा, बाई. गावाकडच्या का?"

"लानवेदवेनची. बाबा, मी..."

"लानवेदवेन! परवा गेलो होतो मी. कुणीतरी आमचं कॅरल म्हणून टाकलं." तो खट्याळ हसला, मग हसू विरलं. "मी तयार होतो. आठही कडवी तयार होती. मेयलिर म्हणाला, अजून नाही."

कचेऱ्यांमधून साहेबांना घाम फोडणारी बाई खुर्चीच्या कडेवर बसली.

"ते मी म्हटलं, बाबा. मी नेस्टा. मीच उठले."

इवोरनं तिला नीट न्याहाळलं. "नाही हो. माझी नेस्टा असं करायची नाही."

"मीच केलं. तुम्ही बसलेले दिसलात मला. तुमचे ओठ हलत होते ते दिसलं. तरी उठले."

"हे बघा, बाई." म्हाताऱ्याचा आवाज एकदम चढला, आणि त्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "माझी मुलगी तापट आहे, तोंडाळ आहे, सगळं मान्य. पण घरच्यांचा घास काढून घेणारी नाही. तुम्ही माझ्यासमोर तिची बदनामी करायची नाही!" आणि त्यानं घंटा दाबली. आलेल्या परिचारिकेला सांगितलं, "ह्यांना बाहेर न्या. माझ्या नेस्टाबद्दल वाटेल ते बोलतायत."

दारात मेयलिर उभा होता, हातात धुतलेले पायजमे. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक.

दोघं बाहेर बोळात आले.

"बाबा दिसले होते तुला," मेयलिर म्हणाला.

"हो."

"लोकांना तर सांगत होतीस की माहीत नव्हतं."

"खोटं सांगत होते."

मेयलिर ओरडला असता तर तिला कुठं उभं राहायचं ते कळलं असतं. त्यानं नुसतं पायजम्याची घडी नीट केली. "शुक्रवारी पलीकडच्या खोऱ्यातल्या चर्चमध्ये प्लगाइन आहे. तिथं नेतोय त्यांना. डॉक्टर म्हणतात, छाती भरलीय, ह्यापुढं थंडीत बाहेर काढू नका. ही शेवटची खेप." मग जरा थांबून, "तू येऊ नकोस, नेस्टा. तू दिसलीस की हेलेध घाबरेल. तिचा सूर जाईल."

"मी मागं बसेन. शेवटच्या बाकावर."

"तुला मागं बसता येतं?"

ह्यावर एरवी तिनं दहा उत्तरं दिली असती. "बरं," ती म्हणाली. "नाही येत."

शुक्रवारी ती घरीच राहिली. सात वाजता तिनं रेडिओ लावला, बंद केला, स्वच्छ असलेला ओटा पुसला. ब्लाएनकुमची माणसं आता उठली असतील, आता दुसरं कडवं असेल, असा हिशेब करत ती खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली. तोंडातून एक स्वर काढला नाही.

शनिवारी सकाळी ऑल्वेन कपडे वाळत घालत होती. आठवडाभर तिनं भिंतीपलीकडून हाक मारली नव्हती. आता चिमटे दातांत धरून तीच म्हणाली, "गेले होते मी काल."

नेस्टा भिंतीशी आली. "म्हटलं त्यांनी?"

"म्हटलं. सूर स्वतः लावून दिला."

"आठही?"

ऑल्वेननं चादर दोरीवर टाकली, कडा सरळ केल्या. "पाच. सहाव्याला थांबले. वरच्या आवाजाकडे वळून बघितलं, हेलेधकडे, मग तिच्या मागं, मग बाकांवर. कुणाला तरी शोधत होते. ती दोघं म्हणत राहिली, पण ते काही परत आले नाहीत त्यात."

"कुणाला शोधत होते?"

"मला काय माहीत, कुणाला," ऑल्वेन म्हणाली. नेस्टाचा चेहरा बघून तिनं दुसरी चादर बादलीत तशीच राहू दिली. "आत ये. चहा टाकलाय."

"नको," नेस्टा म्हणाली, आणि भिंतीला धरून तिथंच उभी राहिली.