ओटीचा दगड

चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं आमच्या गावी जायचं. गाव गंगेच्या काठी; तिकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. माझी आत्याच माझी सासू झाली. लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणायची आणि तीही पूर्वीसारखीच रागवायची. जिभेची तिखट बाई, पण मला उपाशी तिनं एक दिवस झोपू दिलं नाही.

गावात पुराची एक रीत होती. पाणी जिथवर चढून माघारी फिरे, तिथं दगड ठेवून बाया गंगेची ओटी भरत. पुढचा पूर त्याच्याही वर आला तर दगड उचलून वर न्यायचा. खाली मात्र कधी आणायचा नाही. मी नांदायला गेले तेव्हा तो दगड आमच्या घराच्या थोडा खाली, उतारावर होता. त्याच्याही खाली आमचं ज्वारीचं पेव होतं, आत्याच्या सासऱ्यानं जमिनीत खणलेलं. त्याचा तिला भारी अभिमान.

निजाम सरकारनं पुराचा कानून काढला तो त्याच सुमारास. प्रत्येक गावानं आपल्या पुराची हद्द आपणच सांगायची, महसुलाच्या गिरदावरानं गावोगाव फिरून ती कागदावर घ्यायची. हद्दीच्या खाली पेव ठेवायचं नाही, नवं घर बांधायचं नाही, पडलेली भिंत पुन्हा उभी करायची नाही. अर्ध्या गावाची पेवं उतारावर. पुरुषमंडळींनी पारावर बसून ठरवलं, पाणी उताराखालच्या वेशीच्या वर येतच नाही म्हणून सांगायचं. माझे सासरे मान डोलावण्यात सगळ्यांच्या पुढं.

गिरदावरानं तसं लिहून घेतलं आणि पाणी प्यायला आमच्या ओसरीकडं निघाला. वाटेत त्याला कुंकू लावलेला दगड दिसला.

"हा कोणता देव?"

"म्हसोबा, साहेब," सासरे म्हणाले.

आत्या तांब्या घेऊन उभी होती. "देव न्हाई, साहेब. गंगा हितून माघारी फिरली. म्या सोता वटी भरलीय."

गिरदावरानं पुन्हा कागद काढला आणि हद्द दगडापाशी आणली. सासरे चार दिवस आत्याशी बोलले नाहीत. गावातल्या बायासुद्धा पाणवठ्यावर तिला बघून घागरी लवकर भरू लागल्या. सगळ्यांची ज्वारी माळावरच्या नव्या पेवांत गेली. आमचं पेव बुजवताना आत्यानं कुणाला खोऱ्याला हात लावू दिला नाही. सगळी माती तिनं एकटीनं ओढली. घरी आल्यावर मीठ जास्त झालं म्हणून माझ्यावर ओरडली. भाजीत मीठ नव्हतंच.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्याला गंगा दगड ओलांडून आमच्या घरात शिरली. आम्ही जनावरं घेऊन माळावरच्या महादेवाच्या देवळात बसलो. पाणी आमच्या घरामागच्या लिंबाच्या झाडापर्यंत चढलं आणि तिथून फिरलं. माळावरची ज्वारी कोरडी राहिली. कालपर्यंत तोंड फिरवणाऱ्या बाया त्याच ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. पहिली भाकरी त्यांनी आत्याला दिली.

पाणी ओसरलं तशा आम्ही दोघी खाली आलो. घराची मागची भिंत बसली होती, बाकी घर शाबूत. चार गाड्या माती आणली असती तर भिंत महिन्यात उभी राहिली असती. दगड गाळात होता, पण जागचा हललेला नव्हता. तो तिथंच राहिला तर घर हद्दीच्या वर राहणार होतं. लिंबापाशी नेला, तर घर हद्दीच्या खाली येणार, भिंत पुन्हा बांधता येणार नाही, आणि ते आता पडायचंच.

आत्या वाकून गाळ उकरू लागली.

"आत्या, ऱ्हाऊ द्या की," मी म्हणाले. "कोन बघायलंय?"

"तू बघायलीस की." तिनं वरही पाहिलं नाही. "उद्या तुजी सून इचारील, पानी कुठवर आलतं. काय सांगशील तिला? धर ती बाजू."

मी धरली. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. तिच्याइतकी माया मला पुढं कुणाची वाटली नाही, हे तेव्हा अजून कळायचं होतं. दगड जड होता, दोनदा टेकवावा लागला. दुसऱ्यांदा तो आमच्या दारातच टेकवला.

तिनं उंबऱ्यावरचा गाळ पदरानं पुसला. मग म्हणाली, "उचल."