चौथा कोपरा गुण्यात बसेना

भुताखेतांच्या या ग्रुपवर रोज कोणाला ना कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते. नाहीतर घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा भेटतो. सूनबाई मला वाचून दाखवते आणि माझं डोकं फिरतं. अरे, कामधंदे नाहीत का तुम्हाला? मी गवंडी माणूस. स्मशानाच्या कडेला, बिनदाराच्या इमारतीत, विहिरीच्या काठावर झोपलोय. मला डासांशिवाय कोणी भेटलं नाही. माझा विश्वास ओळंब्यावर. दोरीला वजन बांधा, खाली सोडा, भिंत खरी की खोटी लगेच कळतं. बाकी सगळी बडबड.

तरी लिहितोय. कारण गावात लोक मागून हसतात आणि एकदा खरं काय ते सांगून टाकायचंय. मी तिसरी नापास. कागदावर लिहितो, सूनबाई मोबाईलवर उतरवते. तिला दम दिलाय, एक शब्द बदलायचा नाही. नातीला हात लावू दिला नाही. ती सुधारायला बसते.

आम्ही कुळगावचे, जुने. आता लोक बदलापूर म्हणतात ते सगळं नंतरचं. आनंदनगरच्या एमआयडीसीत कंपन्या आल्या तेव्हा तिथल्या किती शेडच्या आखण्या माझ्या हातच्या. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात सिंधी शेठ लोकांची दुकानं बांधली. तिथं गाळा एवढासा, पण शेठ स्वतः उभा राहून कोपरा बघणार. एकानंही कधी माझा कोपरा परत करायला लावला नाही. आखणी म्हणजे पाया खोदायच्या आधी खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून खोलीचा आकार जमिनीवर धरायचा. आणि प्रत्येक कोपरा गुण्यात बसला पाहिजे. गुण्या म्हणजे आमचा लोखंडी काटकोन. माझा गुण्या माझ्या बापाचा आहे.

आता माझी नात, मनाली. उल्हासनगरच्या कॉलेजात एमएस्सी करते, गणितात. पोरगी हुशार, त्याबद्दल वाद नाही. पण एक दिवस जेवताना ती बापाला सांगत होती की यंदा नॉन-युक्लिडियन भूमिती आहे, पुढे त्यातच काहीतरी करायचंय. मी विचारलं, हे काय असतं?

ती म्हणाली, "आबा, समजा चौकोनाचे तीन कोपरे गुण्यात आहेत. मग चौथा?"

"चौथा आपोआप गुण्यात. त्याला बापाला विचारावं लागत नाय."

"या भूमितीत नाही. चौथा कमी भरतो."

माझा घास हातात राहिला. "कमी म्हणजे?"

तिनं ताटातला भाजलेला सिंधी पापड उचलला. एका कडेला वर, दुसऱ्या कडेला खाली वळलेला होता तो. "अशा आकारावर दोरी ताणून चौकोन काढला, तर..."

"पापड हाय तो. खा."

"आबा, ऐका ना..."

"काय ऐकू? फी भरून हे शिकवतात? तीन कोपरे गुण्यात नि चौथा गुण्यात नाय असं घर मी बांधलं असतं तर शेठनं मला चपलेनं हाणला असता! आणि तुमचा सर पगार घेतो!"

माझा मुलगा दिलीप तेवढ्याचीच वाट बघत होता. त्याच्या मनात कधीपासून होतं की पोरीनं हे सोडावं, बी.एड. करावं, इथंच शाळेत लागावं. पण आमच्या घरात माझ्या शब्दावर चालतं आणि मी आजवर काही बोललो नव्हतो. तो म्हणाला, "बघ, आबासुद्धा तेच सांगतायत."

मी रागात होतो. बोलून गेलो, "मागं खोली काढायचीच हाय ना? रविवारी मी हिच्यासमोर आखणी करतो. चौथा कोपरा गुण्यात बसला की हिनं ते कॉलेज सोडायचं. नाय बसला तर हिला पाहिजे ते शिकू दे, कोणी आडवं यायचं नाय."

मनाली हसली नाही. पांढरी पडली. म्हणाली, "आबा, ही पैज मी लावूच शकत नाही. आपल्या परसात चौथा कोपरा बसणारच. ते सगळं वेगळ्या पृष्ठभागावर असतं, नाहीतर खूप खूप मोठ्या अंतरावर. जमिनीवर तुम्हीच बरोबर आहात."

"मग हरलीस."

"ठरलं," दिलीप म्हणाला आणि हात धुवायला उठला.

मला तेव्हाच कसंतरी झालं. पोरगी भांडली असती तर बरं वाटलं असतं. पण शब्द गेला तो गेला. मी मागे घेणारा माणूस नाही.

रविवारी दिलीप ड्युटीला गेला, सूनबाई माहेरी. जेवण करून आम्ही दोघं मागे गेलो. ऊन लख्ख. आमच्या मागे जुनं खळं आहे, पूर्वी तिथं भात झोडायचो. चोपून चोपून जमीन तव्यासारखी झालेली. तरी मी पाण्याच्या पाईपनं लेव्हल बघून घेतली, कारण मला कोणाला बोलायला जागा ठेवायची नव्हती. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. मनाली मुकाट्यानं दोरीचं टोक धरत होती. डोळे भरलेले, पण हात हलला नाही. तेवढं माझ्याकडून घेतलंय तिनं.

पहिला कोपरा गुण्यात. दुसरा गुण्यात. तिसरा गुण्यात. चौथ्यावर गेलो, दोन दोऱ्या जिथं एकमेकींवर येतात तिथं गुण्या लावला.

बसेना.

गुण्याची एक बाजू दोरीला चिकटवली की दुसरी बाजू दोरीच्या बाहेर जायची. कोपरा कमी होता. केसभर नाही. माझी करंगळी जाईल एवढी फट.

खुंटी हलली असेल म्हणून हलवून बघितली, घट्ट. दोरी बोटानं छेडली, तुणतुण्यासारखी वाजली. एक डोळा मिटून बघितली, बंदुकीच्या नळीसारखी सरळ. मग गुण्यावर संशय घेतला. बापाच्या गुण्यावर! फळीवर ठेवून रेघ मारली, पलटून परत रेघ मारली. रेघेवर रेघ. गुण्या खरा.

"काय झालं, आबा?"

"काय नाय. धर तू."

परत पहिल्या तीन कोपऱ्यांवर फिरलो. तिन्ही गुण्यात. चौथा कमी. सगळ्या दोऱ्या सोडल्या आणि या वेळी उलट सुरू केलं. म्हणजे जो कोपरा कमी भरत होता तिथूनच पहिली सुरुवात. तो बसला! चांगला गच्च बसला. दुसरा बसला, तिसरा बसला. आणि मघाशी जो पहिला होता, बरोबर होता, तो आता शेवटी आला आणि तो कमी भरला. तीच फट.

काय सांगू तुम्हाला... अंगावर काटा वगैरे काही आला नाही. राग आला. असा राग की दात वाजायला लागले. जमीन माझ्या बापाची, गुण्या माझ्या बापाचा, हात माझा आणि कोणीतरी आमच्या तोंडावर खोटं बोलत होतं. मी ओरडलो, "कोण हाय रे? समोर ये!" शेजारची कोंबडी फडफडून कुंपणावर चढली. दुसरं कोणी नव्हतं.

मनालीनं येऊन बघितलं. स्वतः गुण्या लावला. तिसऱ्या कोपऱ्यापासून सुरू करून बघूया म्हणाली. केलं. फट पुन्हा शेवटच्या कोपऱ्यावर. कुठूनही सुरू करा, कमी शेवटीच. मग ती खाली बसली. पैज जिंकली होती ती, पण चेहरा असा, जणू घरात कोणी गेलंय.

"आबा, हे असं नसतं," ती म्हणाली. "एवढ्याशा जागेत एवढा फरक पडला तर... तर सगळंच वेगळं दिसायला पाहिजे. झाडं, घरं, सगळं."

"तुझ्याच सरानं शिकवलंय ना?"

"सरांनी हे नाही शिकवलं!" रडत ओरडली ती माझ्यावर.

दोऱ्या तशाच ठेवून आम्ही घरात गेलो. रात्री दिलीप आला. त्याला मी म्हटलं, सकाळी बोलू.

सकाळी ठेकेदार मौर्या आला, लेझरची मशीन घेऊन. दिलीपनं त्याला बोलावलं होतं, मला न विचारता. लाल रेघ मारली, कोपरे बघितले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका टेप धरला, दोन्हीकडून. आणि माझ्याकडे वळून हात जोडले.

"बाबा, क्या बात है! चारो कोने एकदम बराबर. मशीनने पण एवढं नाय होत."

मी गुण्या घेऊन धावलो. त्याच खुंट्या, त्याच दोऱ्या. कोणी हात लावला नव्हता. चौथा कोपरा गच्च बसला.

दिलीप खूश. "झालं तर. आबा जिंकले. मनाली, बी.एड.चा फॉर्म..."

मनालीनं मान खाली घातली. "हो बाबा." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "काल आपलंच काहीतरी चुकलं असेल, आबा. दोरी ढिली राहिली असेल."

दोरी ढिली? माझी? सगळी एमआयडीसी माझ्या दोरीवर उभी राहिली, आणि माझी नात, ठेकेदारासमोर, म्हणते दोरी ढिली!

"दिलीप," मी म्हणालो, "काल कोपरा बसला नव्हता. पैज मी हरलोय. पोरगी तेच शिकेल."

"आबा, समोर दिसतंय ना..."

"तुझ्यासमोर आज दिसतंय. माझ्यासमोर काल दिसलं. पैज कालची हाय!"

मौर्या हसायला लागला. "अरे बाबा, खुद की गलती खुद ही बता रहे हो?"

"गलती नव्हती म्हणून बताता हूं!" मी असा ओरडलो की त्याची मशीन स्टँडवरून पडता पडता राहिली.

दिलीपला वाटलं मी नातीसाठी खोटं बोलतोय. आजही तसंच वाटतं त्याला. मी कोणासाठी खोटं बोलत नाही, हे ज्याला कळायला पाहिजे त्यालाच कळत नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. पण शब्दाला तोही पक्का. फॉर्म भरला नाही.

मौर्यानं गावभर सांगितलं. आता चहाच्या टपरीवर पोरं विचारतात, "काय मिस्त्री, चौकोनाला कोपरे किती?" मी म्हणतो, तुझ्या आईला विचार. मनालीनं कॉलेजात सरांना सांगितलं. त्यांनी म्हणे फार गोड समजावलं, की जुन्या साधनांत चूक राहते, वय झालं की हात कापतो. मी त्या सरांना एकदा घरी बोलावलंय, गुण्या दाखवायला. आले नाहीत.

खोली उभी राहिली. कोपरे चारी बरोबर. मी तिथं मधूनमधून गुण्या घेऊन जातो, बसतो का बघतो. बसतो. मग त्या दिवशी काय होतं? कोणी केलं? आणि का केलं, तेही पोरगी हरणार होती नेमकं तेव्हा? मला माहीत नाही. सरांना माहीत नाही. ज्यांना रोज साडीतली बाई दिसते, त्यांनी सांगावं.

मनाली परीक्षेला बसतेय. अभ्यास करता करता मधेच उठून माझ्याजवळ येते. तिला ते खुपतं, हिशोबात बसत नाही ना. परवा पाय दाबत म्हणाली, "आबा, एकदाच म्हणा ना, दोरी ढिली होती. माझं डोकं शांत होईल."

मी नाही म्हणणार. म्हटलं की तिचा बाप उद्याच्या उद्या बी.एड.चा फॉर्म आणेल. आणि दुसरं म्हणजे, दोरी ढिली नव्हती.