दोह्यातली ग्रामसभा

लोकशाहीत मत देण्याचा हक्क फक्त जिवंत माणसाला असतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे मी वाचलं, परीक्षेत लिहिलं आणि गुणही मिळवले. पुढे पुण्यात आमच्या वॉर्डातल्या एका निवडणुकीत माझ्या आजोबांनी वारल्यानंतरही मतदान केल्याचं समजलं, तेव्हा या तत्त्वाला थोडी सवलत असावी असं वाटलं. पण मेलेल्यांचं मत रीतसर, मान देऊन, त्यांना बसायला जागा ठेवून घेणारा माणूस मला भेटला तो कतारमध्ये. रास लफानच्या गॅस प्लँटला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही त्याला ‘ग्रामसभा’ म्हणायचो.

हे नाव त्याला एका सवयीमुळे पडलं. काहीही विचारा, तो म्हणायचा, “इचारून सांगतो.” शिफ्ट बदलून घेतोस का? इचारून सांगतो. शुक्रवारी जेवायला येतोस का? इचारून सांगतो. कँटीनमधला केरळी पोऱ्या डाव घेऊन उभा राही, “चावल या रोटी?” तर त्यालासुद्धा, “पूछके बताता हूँ.” मागे रांग थांबायची. कुणाला विचारतोस म्हटलं तर “घरच्यांना” म्हणायचा. पण फोन काढलेला मी कधी पाहिला नाही. बाहेरच्या सपाट पिवळ्या मुलखाकडे थोडा वेळ बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, “चावल.”

बस तो राहायचा त्या बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतून निघायची आणि आम्हा शहरातल्या लोकांना वाटेत उचलायची. त्यामुळे मी चढायचो तेव्हा तो आधीच खिडकीशी बसलेला असायचा, शेजारची जागा रिकामी. “कोणी आहे का इथे?” मी पहिल्या दिवशी विचारलं. त्यानं त्या जागेकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “नाय, आता बसा.” तो ‘आता’ मला तेव्हा खटकला नाही. बस आली की माणूस आधी बसतो, विचार नंतर करतो.

तो नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातल्या कोकणा आदिवासींच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळा, आयटीआय, मुंबईची एजन्सी आणि मग रास लफान, अशी त्याची वाट. कामाला इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, म्हणजे पाइपांवरची मोजमापाची यंत्रं सांभाळणारा. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी तो पाइपावर तळहात ठेवून क्षणभर उभा राहायचा. सुपरवायझरला वाटायचं, कंप तपासतोय. मला एकदा बसमध्ये त्यानं खरं कारण सांगितलं. दूरवर जादा गॅस जाळणाऱ्या फ्लेअरची ज्वाला धुक्यात लाल दिसत होती आणि प्लँटची ती अखंड घरघर काचेतून पायापर्यंत येत होती.

“साहेब, हा गॅस म्हंजे काय?”

“समुद्राखाली लाखो वर्षं गाडलेले जीव. कुजून, दाबून...”

“म्हंजे मेलेलेच की.”

“एका अर्थी.”

“तेच म्हंतो. येवढे मेलेले भायेर काढतात, नि कोनी इचारत नाय.” काचेला तळहात लावून म्हणाला, “आवाज आयका ना. इचारलं असतं तर असा आला नसता.”

त्यानंतर बरेच दिवस मी बसमध्ये कानांत गाणी लावून बसायला लागलो.

आमच्या दोह्यातल्या महाराष्ट्र मंडळात मी त्याला एकदाच नेलं. गणपतीची तयारी होती. अध्यक्ष, ज्यांना घरी कोणी बोलू देत नसावं, त्यांनी अर्धा तास प्रास्ताविक केलं आणि शेवटी म्हणाले, “तर ठराव सर्वानुमते मंजूर.” मागून आवाज आला, “सगळ्यांना इचारलं का?” अध्यक्ष हसले. “अहो, सगळे इथंच आहेत ना!” ग्रामसभेनं मागच्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेवरून सावकाश नजर फिरवली. “हायेत,” तो म्हणाला, “पन त्यांना इचारलं नाय.” सभागृहात एसी जरा जास्तच लावला होता, असं नंतर बऱ्याच जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं. त्याला पुन्हा निमंत्रण गेलं नाही.

पाड्याची रीत त्यानं मला समजावली ती सरकारी अनुदान आलं तेव्हा. आदिवासी पाड्यांनी आपलं काम आपण ठरवावं आणि सरकारनं त्याला पैसे द्यावेत, अशी एक योजना त्यांच्या पाड्याला लागू झाली होती. शासन निर्णय त्यानं मला वाचायला दिला, कारण मी कंत्राट विभागात आहे. मोठमोठ्या वाक्यांत कोण कुणाला काय द्यायचं कबूल करत नाहीये, हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. निर्णय फारच सुंदर होता. ‘समुदायाचा स्वनिर्णय’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर होते. त्याबरोबर तालुक्याच्या साहेबांनी सोयीसाठी समाजमंदिराचा तयार नकाशा जोडला होता. कोनशिलेची जागासुद्धा दाखवली होती.

“तुम्हाला समाजमंदिर हवंय?” मी विचारलं.

“आमाला प्यायच्या पान्याचा झिरा साफ करून बांधून पायजे. उन्हाळ्यात बाया पार खालच्या नाल्याला जातात. मागल्या साली माझी भाची तिथंच पडली, पाय गेला तिचा. पन पानी नि जमीन, याचं आमी आमच्या मनानं नाय ठरवत.”

“मग कोण ठरवतं?”

“सभा बसती ना, गोल. गोलात एक जागा मोकळी ऱ्हाती. मग थाळ लावतात.”

थाळ मी पुढे पाहिला. काशाची थाळी पालथ्या भांड्यावर ठेवायची, मधोमध मेणाच्या गोळ्यात एक बारीक काडी उभी करायची. बोटं ओली करून त्या काडीवरून वरून खाली सोडत न्यायची. थाळी वाजत नाही, गुणगुणते, आणि ते गुणगुणणं नेमकं कुठून येतंय ते कळत नाही. त्यांच्याकडे माणूस गेल्यावरच्या कार्याला थाळावर कथा गातात. या पाड्यात त्यावर विचारतातही. काम सांगायचं आणि गेलेल्यांची नावं घेत जायचं. सगळ्या नावांना थाळ बोलत राहिला तर होकार. एखाद्या नावाला काडी घसरली की नकार. हे करणारा त्याचा काका होता, आणि काका त्याच पावसाळ्यात गेला होता. आता थाळ वाजवता येणारा एकच माणूस उरला होता, तो रास लफानला प्रेशर गेज बदलत होता.

पाडा अडला. सभा बसायची आणि न ठरवता उठायची. मार्च जवळ आला. मार्च संपला की निधी परत जातो, हे एवढं एकच तत्त्व सरकारात कोणी मोडत नाही. साहेबांनी निरोप दिला की समाजमंदिराचा ठराव टाइप करून तयार आहे, फक्त अंगठे लावायचेत. तेव्हा त्याची बहीण जनाबाई हिचा फोन आला. मी बसमध्ये शेजारीच होतो. “दादा, तू तिथून इचार. आमी नुसते उठतो नि बसतो. ते समाजमंदिर बांधून जातील, मंग पोरी मंदिरात बसून तहान भागवतील का?”

ग्रामसभेनं खिडकीबाहेर पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “साहेब, तुमची खोली मिळंल का, शुक्रवारी? माझ्या खोलीत रातपाळीचे झोपतात.”

मी म्हणालो, “बायकोला विचारून सांगतो.” तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

त्या शुक्रवारी दुपारी धुळीचं वारं सुटलं होतं. नमाज होऊन रस्ते रिकामे झाले होते आणि खिडकीत समोरची इमारत उरली नव्हती, नुसता पिवळा उजेड होता. त्यानं बॅगेतून फडक्यात गुंडाळलेली थाळी काढली. काकाच्या कार्याहून येताना ती त्यानं सोबत आणली होती, आणि विमानतळावर क्ष-किरणात बघून विचारलं तेव्हा “जेवायची” म्हणून सांगितलं होतं. एसी बंद करायला लावला, त्याचा सूर मधे येतो म्हणून. मग माझ्या बायकोला, मेधाला म्हणाला, “वैनी, एक खुर्ची जास्त ठेवा.” मेधा कुणाचं ऐकणारी नव्हे. तिनं काही न विचारता खुर्ची ठेवली आणि वर उशीही ठेवली.

फोन टेकवून उभा केला. पलीकडे आंब्याखाली पाडा गोल बसलेला, कारण रेंज तिथेच येते. गोलात एका माणसाची जागा मोकळी होती. कोंबडी त्या जागेच्या कडेनं फिरून गेली.

आधी त्यानं समाजमंदिराचं विचारलं. थाळ गुणगुणायला लागला आणि मला एकदम बसमधली ती पायापर्यंत येणारी घरघर आठवली. तो नावं घेत होता, हळू, रोजच्या आवाजात, शाळेत हजेरी घ्यावी तशी. काकाच्या नावाला काडी आडवी झाली. खोली तापली होती, मेण मऊ झालं असणार, असं मी मनाशी म्हटलं. फोनमधून जनाबाई म्हणाली, “काकाला नको.” जणू काकाला चहा नको होता.

त्यानं मेण तसंच दाबून काडी पुन्हा उभी केली आणि झिऱ्याचं विचारलं. त्याच तापलेल्या खोलीत, त्याच मेणावर. नावं सुरू झाली. काकाचं नाव आलं, गेलं. काडी हलली नाही. शेवटचं नाव घेऊन त्यानं बोटं उचलली.

थाळ थांबला नाही.

मेधानं माझ्या दंडाला हात लावला. मग आमच्या लक्षात आलं की आवाज फोनमधून येतोय. ती हळूच म्हणाली, “तिकडे कोणी वाजवतंय का?”

“नाय वैनी,” जनाबाई म्हणाली. “थाळ दादाकडंच हाय.”

प्रतिध्वनी होता. आवाज तिकडे जाऊन परत यायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. मी मेधालाही तसं समजावलं. सभा उठली तेव्हा मात्र पडद्यावर दिसलं, की त्या मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंची माणसं अंग चोरून कडेला झाली. आधी कुणाला तरी जाऊ दिलं आणि मग निघाली.

ठराव मी लिहून दिला. ग्रामसभेचं म्हणणं, जसं झालं तसं लिहा. मी म्हटलं, तालुक्याला ते झेपणार नाही. योजनेच्या निर्णयात एक अट होती, समाजातील ज्येष्ठांचा सल्ला घ्यावा. मी लिहिलं, “ज्येष्ठांचा सल्ला घेण्यात आला.” कंत्राटाच्या धंद्यात इतकं खरं वाक्य मी क्वचितच लिहिलंय. मार्च संपायच्या आत ते मंजूर झालं, आणि पावसाआधी झिरा साफ होऊन बांधला गेला. जनाबाईनं पाण्याचा फोटो पाठवला. ग्रामसभेनं तो बसमध्ये सगळ्यांना दाखवला. फोटोत पाणी सोडून काही नव्हतं.

थाळी आमच्याकडेच राहिली. त्याच्या खोलीतले म्हणायचे, ती मधूनच घुमते, झोप लागत नाही. आमच्याकडे ती कपाटावर होती. घुमली असेल तर एसीत ऐकू आलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी बस आली तेव्हा खिडकीची जागा रिकामी होती, आणि शेजारचीही. आदल्या रात्री झोपला तो उठला नव्हता. हृदय, असं कागदावर आलं. पासपोर्टवरचं त्याचं पूर्ण नाव मला कागदपत्रं करताना कळलं, आणि वाचताना ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. पेटी विमानानं गेली. बसमध्ये पुढे कितीतरी दिवस त्या जागेवर कोणी बसलं नाही. नवा आलेला एक आयटीवाला मुलगा बसायला गेला आणि मला म्हणाला, “अंकल, इथे कोणी आहे?” मी जागेकडे बघितलं.

हिवाळ्यात जनाबाईचा फोन आला. अनुदानाचा दुसरा हप्ता मंजूर झाला होता आणि साहेब समाजमंदिराचा तोच नकाशा घेऊन पुन्हा येऊन गेले होते. पाड्याला झिऱ्यापासून घरांपर्यंत पाइप हवा होता. सभा पुन्हा नुसती उठत-बसत होती.

“भाऊ, आता दादा बी त्यांच्यात बसला. थाळ तुमच्याकडं. तुमी इचारा.”

“जनाबाई, मला वाजवता येत नाही.”

“तुमी कशाला वाजवता? एसी बंद करा, थाळी खाली ठेवा, दादाचं नाव घ्या. बाकीच्यांना तो इचारंल.”

एक सुशिक्षित, विज्ञाननिष्ठ माणूस अशा वेळी जे म्हणतो तेच मी म्हणालो. “विचारून सांगतो.”

शुक्रवारी दुपारी मेधानं खुर्ची ठेवली, उशी ठेवली. एसी बंद केला. समाजमंदिराचं विचारलं. काहीच नाही. पाइपाचं विचारलं आणि त्याचं नाव घेतलं, पासपोर्टवरचं नव्हे, आमचं. थाळी अगदी बारीक घुमायला लागली. इमारतीच्या टाकीचा पंप साधारण त्याच सुमाराला चालू होतो. हे मी जनाबाईला सांगितलं नाही. मी सांगितलं, “पाइपाला हो म्हणाला.” ती म्हणाली, “म्हननारच. त्याला पाइपातलं कळतं.”

पाइप झाला. साहेबांनी उद्घाटन ठरवलं. मांडव, हार, फीत आणि ‘स्वनिर्णय’ या विषयावर भाषण. त्यांनी सगळ्यांसमोर नळाची तोटी फिरवली. पाणी आलं नाही. पुन्हा फिरवली. जनाबाईनं हे मला फोनवर सांगितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “भाऊ, उद्घाटनाचं दादाला इचारलंच नव्हतं ना.” साहेबांची गाडी वळणापलीकडे गेली, आणि नळ धो धो वाहायला लागला.

वरचा कॉक उघडायला कोणीतरी विसरलं असणार, आणि गाडी गेल्यावर त्याला आठवलं असणार.